सरूच्या पोथीची समाप्ती

माझ्या मुलीनं, आरोहीनं, मागे एकदा मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. कुणीतरी यादी केली होती : ही पुस्तकं वाचलीत तर आठवडाभर सावरणार नाही. खाली पोरापोरींनी आपण कसे रडलो ते लिहिलं होतं. एकीनं तर रडतानाचा स्वतःचा फोटोच टाकला होता. मी म्हटलं, आठवडाभरच ना? मग ते पुस्तक कसलं, ती सर्दी. आमच्या चकलांब्यात एका पुस्तकापायी एक बाई तीस वर्षं अडकून पडली, आणि तिला तर वाचताही येत नव्हतं.

आरोहीला वाटलं, मी नेहमीसारखं तिखटमीठ लावून सांगतेय. मी लावते, नाही म्हणत नाही. पण या गोष्टीला ते लावायची गरज नव्हती, आणि पुढं तिनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

चकलांबा हे गेवराई तालुक्यातलं माझं माहेर. माझी आई, वनमाला, दहावीपर्यंत शिकलेली. आमच्या गल्लीतल्या बायकांमध्ये एवढं शिकलेली ती एकटीच, म्हणून श्रावणात पोथी वाचायचं काम तिच्याकडे. बायका खुरपणीवरून जरा लवकर यायच्या, हातपाय धुऊन आमच्या ओसरीत बसायच्या. पाटावर पोथी, पोथीला हळदकुंकू, शेजारी पाण्याचा तांब्या. आई चालीवर ओवी वाचायची आणि समोर बसलेली कडूबाई तिचा अर्थ सांगायची. पोथीची रीतच तशी असते, एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं अर्थ लावून सांगायचा.

कडूबाईला मी मावशी म्हणायची. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईबापांनी हिचं नाव कडू ठेवलं. यमानं तोंड वाकडं करावं आणि पुढच्या दाराला जावं, एवढीच त्यामागची अपेक्षा. अक्षराशी तिची कधी ओळख झाली नाही, पण अर्थ सांगावा तर तिनंच. पोथीतला राजा राज्य सोडून वनात निघाला की आई थांबायची आणि कडूमावशी म्हणायची, "निगाला बगा. बायकोला इचारलं का? न्हाई इचारलं. गड्यांची जात." बायका पदरात तोंड घालून हसायच्या. आई डोळे वटारायची, पण तिचेही ओठ हलायचे. त्या दुपारी आठवल्या की मला अजून ओल्या मातीचा आणि उदबत्तीचा एकत्र वास येतो.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी गावाला माहीत होती आणि गाव बोलत नव्हतं. कडूमावशीला दोन मुलगे झाले. थोरला भारत. धाकटा रामेश्वर अंगावर पीत होता तेव्हाच तिनं त्याला थोरल्या जावेच्या, छबुबाईच्या ओटीत घातलं. छबुबाईला मूल होत नव्हतं, नवरा दुसरी बायको करायच्या गोष्टी बोलत होता. एकाच अंगणात दोन चुली होत्या. रामेश्वर छबुबाईला आई म्हणायचा आणि कडूमावशीला काकू. कडूमावशीनं तेव्हा जावेच्या पायावर हात ठेवून शब्द दिला होता, की पोराला हे माझ्या तोंडून कधी कळणार नाही.

मी सातवीत होते त्या श्रावणात पेटी उघडली तर पोथीला वाळवी लागलेली. आईच्या हातात नुसता भुगा आला. बायका तर ओसरीत येऊन बसल्या होत्या. घरात दुसरं पुस्तक म्हणजे गावच्या ग्रंथालयातून आणलेली एक कादंबरी, तीही पुठ्ठा आणि पहिली पानं गेलेली. नाव काय, लिहिलं कुणी, काही पत्ता नाही. आई म्हणाली, "आजच्यापुरतं हे वाचते," आणि सवयीनं तिनं पुस्तक पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. झालं. हळदकुंकू लागलं म्हणजे ती पोथी लागली, आणि लागलेली पोथी समाप्ती झाल्याशिवाय उठत नाही.

आईला मोठ्यानं वाचायची एकच पद्धत ठाऊक होती. "मग ती घागर घेऊन विहिरीकडे गेली" हेसुद्धा तिनं ओवीच्या चालीवर वाचलं. कडूमावशीनंही अर्थ सांगायला घेतला, साध्या मराठीचा साध्या मराठीत. "गेली म्हंजे काय, तर सासूनं धाडली. सकाळधरनं उपाशी हाय ती." पुस्तकातल्या बाईचं नाव सरू होतं. चार दिवसांत सरू आमच्या गल्लीत राहायला आली. बायका खुरपताना विचारायच्या, सरूच्या नवऱ्याचा ताप उतरला का. शेजारची बायनाबाई एका दुपारी गरम धपाटं घेऊन आली, ते पाटासमोर ठेवलं आणि म्हणाली, "दोन दिस पोटात काय न्हाई पोरीच्या." आम्ही पोरं हसलो तर आम्हालाच रट्टे बसले.

पोथी कुणी आधी चोरून वाचत नाही. रोजचा अध्याय रोज उघडायचा. आईनं कादंबरीलाही तोच नियम लावला आणि तिथंच चुकली. दहा दिवसांनी असेल, ती वाचत वाचत अशा ठिकाणी आली की सरू आपला धाकटा मुलगा, दिनू, मोठ्या जावेच्या ओटीत घालते आणि जाऊ तिला म्हणते, आजपासून हा तुला आई म्हणणार नाही.

आईची चाल सुटली. मी तिच्या मांडीला टेकून बसले होते, मान वर करून तिच्याकडे पाहिलं. दोन पानं उलटून पुढं जाता आलं असतं, पण पोथीचं पान गाळत नाहीत. तिनं ते सगळं वाचलं आणि थांबली. छबुबाई खांबाला टेकून वाती वळत होती, तिचे हात जागच्या जागी राहिले. बाकीच्या बायका आपापल्या पायांच्या बोटांकडे बघत होत्या. अर्थ सांगायची पाळी कडूमावशीची होती.

ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "अर्थ असा हाय. लोक म्हनत्यात, देनारी लई मोठी. तसं न्हाई. देनारीचं एकदाच तुटतं. घेनारीला रोजचं भ्या. पोरगं अंगनात गेलं तरी भ्या. ठेच लागून 'आई गं' म्हनलं, तरी भ्या, की हाक कुनाला मारली. सरूला हे समजलं. म्हून पोरगं रडाया लागलं की ती दाराआड जायची. दिसली तर वढ घील म्हून."

पुस्तकात सरू दाराआड वगैरे कुठंच गेली नव्हती. माझं वय लहान होतं, पण एवढं मला कळलं.

"आज एवढंच ठिव, वनमाला," ती म्हणाली, आणि पदर सावरून निघून गेली. सरूला साधी ठेच लागली तरी डोळे पुसणाऱ्या बायका त्या दिवशी एकही रडल्या नाहीत. गुपचूप उठल्या. आईनं रात्री भाकरी करपवल्या आणि वडिलांनी त्या तशाच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी छबुबाई विरजण मागायला आली. विरजण तिच्या घरी असतंच, सगळ्या गल्लीला तीच देते. वाटी हातात धरून ती आईला म्हणाली, "वनमाला, फुडं वाचू नगंस. माजं लेकरू हाय घरात." आईनं तिच्या वाटीत दही घातलं आणि शब्द दिला. दुपारी कडूमावशी आली. "कावून गं, पोथी कावून लावली न्हाई?" आई म्हणाली, डोळे आलेत. त्या वर्षी आईचे डोळे पोळ्यापर्यंत आलेलेच होते.

पुस्तक लाल फडक्यात बांधून देवघरात गेलं. ग्रंथालयाचा माणूस परत मागायला आला तेव्हा आईनं सरळ सांगितलं, पोथी लागलेली आहे, उठवता येत नाही. तो बिचारा नमस्कार करून गेला. पुढं ग्रंथालयच बंद पडलं आणि तो विषय मिटला. मी शिकायला बीडला गेले, तिकडेच नोकरी, लग्न, आरोही. सुट्टीत चकलांब्याला आले की देवघरात ते लाल फडकं दिसायचं. आई सणासुदीला त्याच्यावरही फूल वाहायची. मी एकदा विचारलं, आई, शेवट काय आहे गं? ती म्हणाली, "असतो काहीतरी. तू चहा ठेव."

आई गेली, त्याआधी वर्षभर छबुबाई गेली. गेल्या श्रावणात आईच्या वर्षश्राद्धाला मी आरोहीला घेऊन चकलांब्याला गेले होते. माणसं जेवून पांगली आणि दारात मोटारसायकल थांबली. रामेश्वर कडूमावशीला घेऊन आला होता. तो आता चाळिशीचा, दोन्ही घरांची शेती तोच बघतो. मावशी वाळून गेली होती, डोळ्यांत मोतीबिंदू, पण ओसरीत येऊन बसली ती बरोबर आपल्या जागी, पाटासमोर जिथं ती बसायची तिथं. रामेश्वर बाहेर कुणाशी तरी बोलत होता.

"स्वप्ना, पोळा झाला की भारत मला पुन्याला नेतोय," ती म्हणाली. "आता तिकडंच ऱ्हायाचं."

"का? इथं रामेश्वर आहे की."

"पोटचा लेक असताना पुतन्याच्या दारात म्हातारपन काढलं तर लोक भारतला नावं ठिवत्यात." ती हे इतकं सरळ बोलली की मला माझ्या हातांचं काय करावं कळेना. मग तिनं आवाज खाली आणला. "तुज्या आईनं लावलेली पोथी हाय का अजून? तशीच ठिवून गाव सोडू व्हय मी? मला ठावं हाय, छबूनं आडवलं व्हतं. मी तिच्या जागी आसते तर मी बी आडवलं आसतं. आता छबू न्हाई, वनमाला न्हाई. सरूच्या लेकराला शेवटी कळलं का न्हाई, एवढं ऐकून जाते."

मी म्हटलं, उद्या दुपारी या.

ती गेल्यावर मी फडकं सोडलं आणि स्वयंपाकघरात उभ्यानंच शेवट वाचून काढला. सरू मरते. थोरला मुलगा मडकं धरतो. तिरडीपुढं विस्तवाचं मडकं धरून चालायचं ते पोटच्या मुलानं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. धाकटा दिनू भावकीतल्या इतर पोरांबरोबर सगळ्यांच्या मागून चालतो. घरी आल्यावर तो जावेला विचारतो, "आई, काकू आपली कोण लागायची गं?" जाऊ त्याच्या पानात भात वाढते आणि म्हणते, "कुणी नाही. भावकीतली." इथं पुस्तक संपतं.

मला भयंकर राग आला. पहिली पानं असती आणि त्या लिहिणाऱ्याचं नाव कळलं असतं तर मी त्याला शोधून चार शब्द सुनावले असते. मग एकदम आई आठवली. तिनं हे वाचलं होतं, एकटीनं, कधीतरी त्याच श्रावणात. तेव्हापासून रामेश्वर आमच्या दारावरून जाताना दिसला की आई त्याला थांबवायची. "एवढं कालवण काकूला नेऊन दे." "काकूला म्हणावं सुई दे." "काकूचं डोकं दुखतंय, हा बाम दे आणि बस जरा तिथं." आम्ही तिला हसायचो, की तुला चार घरं चालत जायचा कंटाळा. कालवणाच्या वाट्या देऊन देऊन ती त्या पोराला रोज थोडा वेळ त्या चुलीपाशी पाठवत होती. हे कळलं आणि मी ओट्याला धरून रडले.

आरोही आली, तिनं पुस्तक घेऊन शेवट वाचला आणि म्हणाली, "मम्मा, बदल ना शेवट. त्यांना कुठं वाचता येतं?" मला ते पटलं. दिनू धावत येतो आणि आई म्हणून हाक मारतो, असं एक वाक्य मी मनात जुळवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाट मांडला, हळदकुंकू वाहिलं. ऐकायला बायनाबाई आली, तिला आता ऐकू येत नाही पण आली. रामेश्वर मावशीला सोडून परत जाणार होता. ती म्हणाली, "तू जा, कापसात पानी साचलंय." तो म्हणाला, "बसतो वाइच," आणि गाडीची किल्ली हातात घेऊन पायरीवर बसला, आमच्याकडे पाठ करून.

मला आईची चाल येत नाही. मी आपलं सरळ वाचत गेले. मावशी प्रत्येक थांब्यावर अर्थ सांगत होती, आवाज बारीक झालेला, पण धार तीच. सरू आजारी पडली तेव्हा म्हणाली, "आता हिला कोन बगतंय? समदे कापसात." शेवटचं पान आलं. मी माझं जुळवलेलं वाक्य सुरू केलं, "दिनू धावत..." आणि मावशीनं हात वर केला.

"स्वप्ना, डोळे आलेत म्हनताना तुज्या आईचा आवाज असाच झालता. लिवलंय ते वाच."

मी लिहिलेलं वाचलं. मडकं थोरल्यानं धरलं ते वाचलं, दिनू मागून चालला ते वाचलं. "कुणी नाही. भावकीतली." एवढं वाचून पुस्तक मिटलं. बायनाबाई सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. पायरीवर किल्लीचा आवाज येत होता, तोही थांबला.

"अर्थ असा हाय," मावशी म्हणाली. "अर्थ असा..." पुढं तिला जमेना. सगळ्या देवांचे, राजांचे, राक्षसांचे अर्थ सांगितलेली बाई, तिचे नुसतेच ओठ हलत होते.

रामेश्वर पायरीवरून वळला नाही. तसाच म्हणाला, "काकू, ह्याचा अर्थ मी सांगतो."



"ते पोरगं येडं नव्हतं. त्याला ठावं व्हतं. मला बी सातवीत कळालतं. वर्गातल्या एकानं सांगितलं, मी त्याला हानला आन पळत घरी आलतो. तू चुलीफुडं बसली व्हतीस. आई दारात हुबी. मी तुज्याकडं बगितलं, तर आईचं तोंड पांढरं फट पडलं. म्हून मी म्हनलं, काकू, भाकर दे. तू दिलीस. तवापास्नं मी आईसाटी काकू म्हनत आलो आन तू आईसाटी ऐकत आलीस. मरायच्या आदी आईनंच मला सांगितलं, की पोथी चालू असताना काकूनं सगळ्या बायांत आईची बाजू घेतली व्हती. म्हनली, मी तिचं लई देनं लागते, तू बग."

मग तो वळून तिच्याकडे बघत म्हणाला, "आईचं मडकं मी धरलं. तुजं बी मीच धरनार. कालच भारतला फोन केलाय. तिकडं काय झालं तरी तुला हिकडंच आनायचं, आपल्या रानात. तो व्हय म्हनला."

जित्या माणसाला तोंडावर असलं कुणी बोलत नाही. आरोही माझ्याकडे बघायला लागली. पण मावशीचा चेहरा मी पाहत होते. इतक्या वर्षांत मी तो असा कधी पाहिला नव्हता, सगळा उघडा पडलेला. ती माझ्याकडे वळली.

"स्वप्ना, पुस्तकात हाय का तसं?"

"नाही, मावशी. पण सरू दाराआड जायची, ते तरी पुस्तकात कुठं होतं?"

तेव्हा ती रडली. पदर तोंडाशी न नेता, आवाज करून, लहान पोरासारखी रडली. बायनाबाईला काही ऐकू आलं नव्हतं, तरी तीही रडली आणि मावशीची पाठ चोळत राहिली. रामेश्वर तिथंच उभा राहून पायरीचा कोपरा बुटानं खरवडत होता. मला आई हवी होती त्या क्षणी, फार हवी होती.

मग आम्ही समाप्ती केली. नारळ फोडला, आरती ओवाळली, शिऱ्याचा प्रसाद वाटला. मी त्या लाल फडक्याची घडी करून बाजूला ठेवली. मावशीनं प्रसाद खाल्ला, हात धुतले, नाक पुसलं आणि तिचा जुना आवाज परत आला.

"मडकं तू धर," ती रामेश्वरला म्हणाली. "पन घाई करू नगंस. भारतच्या पोराचं लगीन बगायचंय मला."

तो हसला. त्यानं गाडी चालू केली, तिला धरून मागं बसवलं, तिचं लुगडं चाकात जात नाही ना ते वाकून बघितलं. आरोही दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, डोळे सुजलेले. फोटो वगैरे काढायचं तिला सुचलं नव्हतं.

"काकू, धर नीट," रामेश्वर म्हणाला.

"धरलंय बाबा. चल."